बायनाचा अंगठा

चुडावा,
मार्गशीर्ष, १९५३

प्रिय मल्हारी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर लागला म्हणून मनात काही आणू नकोस. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडून टाकला. आज शाळेला सुट्टी आहे. आई मेंढरांमागं गेली आहे, तुझी वहिनी केवळा विहिरीवर आहे. घरात मोठं माणूस मी एकटाच आहे, तेव्हा आज लिहून टाकतो.

इकडची ज्वारी यंदा बरी आहे. मेंढरं नदीकाठच्या रानात बसवली आहेत. तुझी ती कानफाटी शेळी व्याली, दोन्ही करडं चांगली आहेत. चंपाषष्ठी जवळ आली, पण यंदा आपल्या घरी तळी उचलायची नाही. तू तुझ्या बायनाचं विचारलंस. तिचंच लिहायचं आहे, पण मला ओळीनं लिहू दे. नाहीतर माझ्याच्यानं पुढं लिहिणं होणार नाही.

तुझं पत्र मी ओसरीवर बसून वाचून दाखवलं. आई जात्याला टेकून ऐकत होती, बायना दाराच्या आड उभी होती. वाचता वाचता काही गाळावं असं मनात आलं होतं, पण बायना माझ्या तोंडाकडं अशी बघत होती की मला एक अक्षरही गाळता आलं नाही. कोरियाच्या लढाईतल्या ज्या कैद्यांवर तुमचा पहारा आहे तेच तुम्हाला दगड मारतात, शिव्या देतात, हे वाचलं. तारेच्या आत त्यांच्यातलेच दांडगे लोक, जो कुणी मला माझ्या गावी जायचंय म्हणेल त्याचा जीव घेतात, हे वाचलं. एक जण पळत येऊन तुझ्या पहाऱ्यापाशी तारेवर पडला, त्याची भाषा तुला कळेना, पण त्यानं तुझे पाय सोडले नाहीत आणि तू त्याला ओढून बाहेर काढलंस, हेही वाचलं. तेव्हा आईनं डोळे पुसले. शेवटी तू लिहिलं होतंस की दादा, आम्ही मधे नसतो तर हे लोक एकमेकांना संपवतील. आणि त्याच्याच खाली लिहिलं होतंस की आता सरकारनं आम्हाला घरी न्यावं, माझ्याच्यानं होईना. मल्हारी, एका पत्रात तू दोन्ही लिहिलंस. आईनं वरचं ऐकलं, बायनानं खालचं. आपल्या घरात जे झालं ते तिथूनच झालं.

दिवाळी झाल्यावर परभणीचे माणिकराव वकील स्टेशनाजवळ सभा घ्यायला आले. कोरियातून आपली फौज परत आणावी, असा अर्ज दिल्लीला पाठवायचा म्हणून. माणूस तळमळीचा आहे. ते म्हणाले, ही लढाई आपण सुरू केली नाही, आपल्याला तिथं मिळवायचं काही नाही. दोन्हीकडचे लोक आपल्यालाच दोष देतात. तिथलं दक्षिणेचं सरकार हिंदी शिपायांना हाकलून लावायच्या धमक्या देतं. उद्या तिथं आपली पोरं पडली तर आईबापांना काय सांगायचं? हे सगळं मलाही पटलं. अजूनही पटतं. मग त्यांनी शिपायाच्या घरचं कोण आहे म्हणून विचारलं, आणि मी उठायच्या आत बायना उठली. दिवस भरत आले होते, तिला चालवत नव्हतं. चारचौघांत कधी मान वर न करणारी ती, सगळ्या पुरुषांमधून गेली आणि कागदावर पहिला अंगठा तिनं उठवला.

मग वकिलांनी आईपुढं कागद धरला. आईनं हात पदरातच ठेवला.

तुला पाच वर्षांपूर्वीचं ते साल आठवतं का, असं विचारायची गरज नाही. आप्पांना रझाकारांनी मारलं, आईचं कुंकू पुसलं, त्याला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. मग हिंदची फौज आली, स्टेशनापाशी तंबू पडले, आणि आपला इमाम पिंजारी बायकापोरं घेऊन त्या तंबूंच्या सावलीला जाऊन बसला. इमामनं कुणाचं काय केलं होतं? आपल्या गाद्या तोच पिंजून द्यायचा. अंमलदारानं त्याला सांगितलं, भिऊ नको, आम्ही आहोत. आणि मग फौजेला पुढं जायचा हुकूम आला. तंबू निघाले आणि दुसऱ्याच दिवशी लोक आले. कोण आले ते तुला ठाऊक आहे, मी नावं लिहीत नाही. इमामची रहिमाबी आणि तिची लेकरं आईनं मेंढवाड्यात घोंगड्यांखाली झाकली, तू काठी घेऊन दारात उभा राहिलास. इमाम मात्र विहिरीपर्यंतच पोचला, तिथंच त्यांनी त्याला मारलं. त्यानंतर तू फौजेत जातो म्हणालास तेव्हा आईनं तुला अडवलं नाही, ते त्याचसाठी.

तर सभेत आई म्हणाली, "वकीलसाब, मला एवढंच सांगा. आमची पोरं माघारी आली की त्या कैद्यायचं काय व्हईल?"

माणिकराव म्हणाले, "आई, ते जगातल्या मोठ्या देशांनी बघावं. आपण कुठवर पुरणार?"

"इमाम बी कुनीतरी बघंल म्हनूनच बसला होता," आई म्हणाली आणि खाली बसली.

 अंगठे मात्र पडत राहिले. मीही सही केली. लोकांनी जाताना आईकडं बघितलं नाही. काहीजण म्हणाले की पोटच्या पोरापेक्षा हिला परका जवळचा. शाळेत पोरांना शिकवतो मी, पण मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आताही येत नाही की त्या दोघींत कुणाचं बरोबर.  फौज थांबली तर आपलं माणूस जातं, निघाली तर कुणा दुसऱ्याचं. आणि ते दुसरं माणूस तर तुझे पाय धरून बसलं होतं.

घरी आल्यावर बायना चुलीपुढं बसली आणि आईकडं न बघता म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या इमामपायी माझा नवरा तिथं ठेवायलात का?"

आई उठून शेळीची धार काढायला गेली. त्या दिवसापासून बायना तिच्याशी बोलली नाही. कामात कसूर नाही, भाकरी वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. आई तिच्यासाठी शेळीचं दूध काढून ठेवायची, ते ती केवळाच्या हातून घ्यायची, आईच्या हातून नाही. मी केवळाला म्हणालो, बाळंतपण झालं की निवळेल. केवळाही तेच म्हणाली. पहिलं लेकरू आलं की माणसं सगळं विसरतात.

कार्तिकी पौर्णिमा होताच एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्या हातचं काम नाही. गाडी जुंपून आम्ही तिला स्टेशनावर आणलं. रेल्वे यायला वेळ होता. फलाटावर घोंगडी अंथरून तिला निजवलं, आणि आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. बायनानं ते काढून घेतलं नाही. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली, त्यांना बोल लावायला कुठंही जागा नाही. मुलगी झाली. तुझ्यासारखंच कपाळ आहे. पण रक्त थांबेना.

मला आत बोलावलं तेव्हा बायना शुद्धीवर होती. आवाज अगदी खाली गेला होता. मी वाकलो तर म्हणाली, "भाऊजी, त्यायला लिहा. तुमी यावं म्हनून मी अंगठा दिलता, म्हनावं."

मी लिहितो म्हणालो. मग तिनं आईचा हात शोधला. आई तिथंच होती.  दुपार कलायच्या आत बायना गेली. मल्हारी, तुझी बायना गेली. हे वाक्य लिहिता येत नव्हतं म्हणून मी आधीचे कागद फाडले.

मुलगी जगली आहे. केवळा आपल्या पोराबरोबर तिलाही पाजते, पण दोघांना पुरत नाही, ती रडत असते आणि अंग धरत नाही. आई तिला जवळ घेत नाही. लांबून बघते आणि मेंढरांकडं निघून जाते. बायनाचं तेरावं होताच आई मला घेऊन माणिकरावांकडं गेली आणि न विचारताच अंगठा पुढं केला. वकील म्हणाले, आई, तो अर्ज दिल्लीला गेला. पण बायको गेलेल्या शिपायाला परत पाठवावं असा वेगळा अर्ज त्यांनी तिथंच लिहिला. तो आता तुझ्या साहेबांकडं पोचेल, आणि ते तुला बोलावून विचारतील. त्यांच्या तोंडून तुला कळू नये, आणि काय सांगायचं हे तुला उभ्याउभ्या ठरवावं लागू नये, म्हणून हे पत्र. परत येताना गाडीत आई मग म्हणाली, "मी सभेत बोलले ते खरंच होतं. मी लोकायची लेकरं तिथं ठिवली आन् माझं मागायलेय, हे बी मला कळतंय. तरी त्याला लिही, ये म्हनावं." हे आईचं झालं. मीही तुला तेच म्हणतो. त्या तारेपाशी कुणाला उभं राहायचं ते राहू दे, मल्हारी. आज आम्हाला दुसऱ्या कुणाचा विचार करायची ताकद उरलेली नाही. तू ये.

तुझाच,
उमाजीदादा