मलमलचा डावा पाय

ता. ३ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा दुखतो म्हणतोस आणि दिवसातून चारदा गच्चीवर चढतोस, तेव्हा त्याबद्दल मी काही लिहीत नाही. मी शिवून पाठवलेला शर्ट बसला की नाही ते मात्र तू लिहिलं नाहीस. चांगलं म्हणायला जीभ जड होते हे मला माहीत आहे, पण निदान बसला एवढं तरी कळव.

आज काम मलमलचं आहे. माझ्या कोंबड्यांची नावं ऐकून तुला हसू येतं, येऊ दे. शिंपिणीच्या घरी कोंबड्या पॉपलीन, टेरीकॉट आणि मांजरपाटच असायच्या. मलमल ही पॉपलीनच्या पिल्लांतली एकटी जगलेली. पाच महिन्यांची तलंग आहे, आज ना उद्या अंड्यावर येईल. परवा सकाळी खुराडं उघडलं तर तिघी धावत बाहेर आल्या आणि ही डावा पाय पोटाशी धरून दारातच उभी. काल लंगडत का होईना फिरली. आज बसूनच आहे. मधलं बोट सुजलंय, पण मी हात फिरवून पाहिला, काटा नाही की जखम नाही. दाणे टाकले की बाकीच्या हिच्या वाटणीचे खातात आणि वर हिच्याच डोक्यात टोचतात. नात्यागोत्याची असून ही तऱ्हा.

तू तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतास. डॉक्टर नुसती सही करायचे आणि गुण तुझ्या हाताचा यायचा, असं तूच सगळ्यांना सांगत फिरतोस. आता तो गुण पत्रातून पाठव.

कोंबडीचं एवढं काय, असं म्हणू नकोस. हे गेल्यापासून मशीन थांबलं की घरात आवाज असतो तो या चौघींचा. त्यातही मलमल, मी पायडल मारायला लागले की येऊन माझ्या पावलाशी बसते. आज ती तिथे आली नाही आणि माझं कामात लक्ष लागलं नाही.

भावजयीला आशीर्वाद. उत्तराला उशीर करू नकोस, आणि जीव लावतोस तसाच लावत राहा.

तुझी,
ताई


ता. ७ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या पेशंटची हकीकत वाचली. माझ्या गुडघ्याला दोन ओळी आणि कोंबडीच्या बोटाला पानभर, यावरून या घराण्यातली माझी जागा कळली. शर्ट बसला. छान आहे.

आता नीट ऐक. तिला आधी वेगळी ठेव. टोपलीत मऊ पेंढा घाल, पाणी आणि दाणे तोंडाशी ठेव. पण बाकीच्या तिला दिसतील अशी ठेव, नाहीतर एकटी पडून आणखी खंगेल. मग पाय कोमट पाण्यात धुऊन तळवा बघ. काळी खपली असेल तर आत पू असतो. तळवा स्वच्छ असेल तर सुजलेल्या बोटाचं मूळ बघ. तिथे केस नाहीतर दोरा आवळला गेला की बारीक रेघ दिसते, दोरा मांसात रुतलेला असतो, हाताला लागत नाही. तुझ्या घरात हे आधी बघायला हवं. उन्हात धरून बघ. जमलं तर शेजारच्या शिक्षिकाबाईंनाही दाखव. दोनाचे चार डोळे झालेले बरे.

ही तुला नमस्कार सांगते. काळजी करू नकोस, आणि आमच्यावर रागावण्याइतकी माया शिल्लक ठेव.

तुझा,
ठोंब्या


ता. ११ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

शिक्षिकाबाईंना दाखवण्याची काही गरज नाही. माझे दोन पुरेसे आहेत. चाळीस वर्षं मी दोऱ्यावर पोट भरते आणि माझ्याच घरातला दोरा मला दिसणार नाही होय? तळवा स्वच्छ आहे. बोटाचं मूळही स्वच्छ आहे. उन्हात धरून पाहिलं. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुला काय जातंय.

पण ठोंब्या, ती बरी नाही. कालपासून दाण्याला तोंड लावत नाही. तुरा पांढुरका पडलाय. उचलली तर हातात वजनच लागत नाही, नुसती पिसं. तो पाय आता पोटाशीही धरत नाही, मागे टाकून देते. चमच्यानं पाणी पाजते तेवढं घेते. टोपली मशीनशेजारी ठेवलीय, तर पॉपलीन येऊन काठावर बसते आणि आत बघत राहते. तिचं बघणं मला सहन होत नाही.

शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आहे आणि मी दिवसातून दहा वेळा उठते. काहीतरी औषध लिही. रागावले होते, आता नाही. दोघं सुखी असा आणि मला विसरू नका.

ताई


ता. १४ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मला आवडत नाही. बोटाचं मूळ स्वच्छ आहे हे तू नक्की पाहिलंस ना, एवढं पुन्हा एकदा विचारतो. पाहिलं असशील तर जे उरतं ते वाईट आहे. वय पाच महिने, लस दिलेली नाही, पाय मागे टाकते, खात नाही. कोंबड्यांना एक लकवा होतो, त्याची सुरुवात बहुतेक अशीच असते. त्याला औषध नाही. तिला नुसती ठेवून तिचेही हाल आणि इतर तिघींनाही धोका.

पत्र मिळाल्यापासून दोन दिवस बघ. उभी राहिली नाही तर तिला सोडव. तुझ्या हातून ते होणार नाही, मला माहीत आहे. बाजारातल्या खाटकाकडे ने, त्याचा हात सराईत असतो, तिला कळणारही नाही. मी आलो असतो, पण तू बोलावल्याशिवाय यायचं नाही असं आपलं ठरलंय.

वाईट वाटून घेऊ नकोस. या भावाला माफ कर आणि आपला म्हण.

ठोंब्या


ता. १९ नोव्हेंबर

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

दोन दिवस पाहिलं. उठली नाही. काल सकाळी टोपलीवर जुना टॉवेल टाकला आणि निघाले. रस्ताभर ती टॉवेलखाली बारीक आवाज करत होती आणि मी तिला काहीबाही सांगत होते. समोरून येणारी माणसं बघत होती, बघू देत म्हटलं.

खाटीक आडदांड आहे, गळ्यात दोरीला चष्मा. मी म्हटलं, आजारी आहे, खायची नाही, पण त्रास होऊ देऊ नका. त्यानं तिला उचलून पाय धरून उलटी केली. मी तोंड फिरवलं. बराच वेळ झाला तरी काही नाही. मग तो म्हणाला की हिला मारायचं कशाला, हिला तर दोरा लागलाय. मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं पाय माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि विचारलं, दिसला का. मी म्हटलं, दिसला की. तेव्हा त्यानं विचारलं की किती वेढे आहेत सांगा. मी दोन म्हणून सांगितलं. त्यानं स्टूल पुढे करून मला बसवलं, पाय धुतला, सुरीच्या टोकानं एकेक वेढा तोडून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. पाच होते. बोटांत घेतल्याबरोबर ओळखला. गणवेशाचा निळा दोरा, माझ्याच मशीनवरचा. संध्याकाळी झाडून चिंध्या मागच्या अंगणात लोटते, त्यातच ही उकरत असते.

तो म्हणाला, मी दिवसभर पायच धरतो हो, म्हणून दिसलं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला. पैसे घेतले नाहीत. डोळे दाखवून घ्या, एवढंच म्हणाला.

ठोंब्या, मी तुला खोटं लिहिलं. उन्हात धरून पाहिलं हे खरं आहे, पण मला बोटच नीट दिसलं नाही तर रेघ कुठली दिसणार. वर्षभर हे असंच आहे. सगळं धुरकट. शिक्षिकाबाई शाळेत जाताना रोज सकाळी दहा सुयांत दोरा ओवून देतात, त्यावर माझा दिवस निघतो. त्यांना मी सांगितलंय की हाताला कंप आहे. आईचे डोळे कसे गेले ते तुला आठवत असेल. मी आपली झाकून ठेवत बसले आणि माझ्याच दोऱ्यानं बांधलेलं पोर मी कापायला घेऊन गेले. काल घरी येऊन खूप रडले. तिला कळतच नव्हतं काय झालंय, ती भिजवलेले दाणे खात होती.

बोट काळं पडलंय. पुढे काय करायचं ते लिही. आणि मला बोल लावायचा असेल तर लाव.

ताई


ता. २२ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

बोट बहुधा वाळून गळेल, ओढू नकोस. दिवसातून दोनदा मिठाच्या कोमट पाण्यानं धू, कोरडं कर, मलम लाव. पाय सुजायला लागला तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखव. खाते आहे ना, मग जगेल. बोटाविना चालता येतं.

बोल लावायचा तर आधी मला लाव. तुझा शर्ट आला तेव्हा खिसा तिरका होता आणि एकही काज बटणासमोर नव्हतं. तुझ्या हातचं काज, ताई. मी तो धरून बसलो. हिनं रातोरात उसवून पुन्हा शिवला आणि मी तुला छान म्हणून लिहिलं. चार डोळे असं आडून लिहिलं तेही म्हणूनच. तू स्वच्छ आहे म्हणालीस तेव्हा मला विश्वास नव्हता, आणि तरी मी खाटकाचं लिहिलं. ताई, तुला दिसत नाहीये, एवढे चार शब्द लिहायचं माझ्याकडून झालं नाही.

तीन वर्षांपूर्वी मी न विचारता टेम्पो घेऊन तुला आणि तुझं मशीन आमच्याकडे न्यायला आलो होतो. तू दारातूनच परत पाठवलंस आणि चार महिने पत्र नाही. ते चार महिने मला पुन्हा नको होते. तुझी कोंबडी मेली असती तरी चाललं असतं, असा हिशेब मी केला, आणि त्याची मला लाज वाटते. तुला माझ्याकडे येऊन राहायला मी पुन्हा कधीच सांगणार नाही, पण डोळे दाखव. उद्याच दाखव.

रागाव, पण लिहीत राहा.

ठोंब्या


ता. १ डिसेंबर

चि. ठोंब्यास अनेक अनेक आशीर्वाद.

मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. आईचं दुखणं वेगळं होतं म्हणे, हे निघतं. मी डॉक्टरीणबाईंना तीनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्या हसल्या. उजव्या डोळ्यातला येत्या शुक्रवारी काढणार आहेत. मग आठ दिवस वाकायचं नाही, मशीनवर बसायचं नाही आणि दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे. आपले आपल्याला घालता येत नाहीत, मी पाण्यानं करून पाहिलं, सगळे गालावर गेले.

शर्टाबद्दल तू आल्यावर बोलू. बायकोला रातोरात कामाला लावतोस, लाज नाही वाटत. तिला सांग, शिवण चांगली असेल तर मी शिकवायला तयार आहे.

मलमलचं बोट सोमवारी गळलं. चालते, वळताना जरा झोकांडी खाते. पॉपलीननं तिला एकदा टोचलं तर हिनं उलट टोचलं, तेव्हा आजार संपला असं मी समजते. चिंध्या आता डब्यात टाकते.

गुरुवारी ये. टेम्पो आणू नकोस, पिशवी आण. ही तुला बोलावण्याची चिठ्ठी आहे, जपून ठेव.

आणि एक खरं सांगते. तू मला नेशील याची भीती मला कधीच नव्हती. तुला दारातून परत पाठवता येतं, ते आपण दोघांनी पाहिलंय. माझ्यानं आता होत नाही, मला घेऊन जा, असं मीच तुला लिहीन, ही भीती होती. अशी दोन पत्रं मी या वर्षात लिहिली, ठोंब्या. टपालपेटीपर्यंत जाऊन दोन्ही वेळा परत आले.

वाट बघते.

तुझी,
ताई