रॅकची किल्ली कोणाच्या गळ्यात

वारसांनो, हे वाचून झाल्यावर तुम्ही निम्मं विसरणार, हे धरूनच मी ते लिहवून घेत आहे. टेम्पो भरभरून स्पीकर नेऊन माइकांची पेटी घरीच विसरलेली माणसं तुम्ही. तेव्हा हा कागद दोनदा वाचावा आणि दुसऱ्यांदा वाचताना माझ्या थोरल्या मुलाने मोबाइल खिशात ठेवावा.

मी, साउंड सिस्टिम भाड्याने देणाऱ्या या दुकानाची मालकीण, जाहीर करते की माझं डोकं ठिकाणावर आहे, कान त्याहून ठिकाणावर आहेत, आणि माझ्यावर दडपण आणील अशी या घरात कोणाची छाती नाही. मला अक्षर येत नाही. मी सांगते, वकिलांकडची लेखनिक मुलगी लिहिते. तिने पहिल्याच ओळीला विचारलं, "आजी, घरातलं असं बोलणं मृत्युपत्रात घालायचं?" मी म्हटलं, "घाल बाई. वाचणारे घरातलेच आहेत."

कलम एक. वरच्या दोन खोल्या थोरला मुलगा आणि त्याची बायको, म्हणजे माझी सून, यांना निम्म्या-निम्म्या. खिडकी कोणाकडे यावर खुशाल भांडावं. मला ऐकू येणार नाही.

कलम दोन. माझ्या धाकट्या दिराला स्पीकरमधल्या जळलेल्या कॉइलांचा पत्र्याचा डबा. दुकान नवं होतं तेव्हा या भावजींनीच सगळ्यांना शिकवलं की लिमिटरचा लाल दिवा सतत पेटलेला दिसला म्हणजे पब्लिक खूश. लिमिटर स्पीकरला सोसेल त्यापुढे आवाज जाऊ देत नाही. त्याचा दिवा सांगत असतो की मी कसंबसं धरून ठेवलंय, आवाज खाली घ्या. भावजींना ती रोषणाई वाटली. डबा त्यांनी बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांना दिसेल असा ठेवावा.

कलम तीन. थोरल्याला टेम्पो, सगळ्या केबली, स्टँड आणि त्याने हौसेने आणलेला मोठा अँप्लिफायर, म्हणजे अँप. केबल त्याच्यासारखी कोणी गुंडाळत नाही आणि गिऱ्हाइकाशी त्याच्याइतकं गोड कोणी बोलत नाही. खरं आहे म्हणून लिहवते, त्याने फ्रेम करून लावू नये. आता त्या अँपबद्दल. जुन्या अँपच्या बेताने लावलेला लिमिटर तसाच ठेवून याने नवा जोडला. नवा अँप तोच आवाज जुन्यापेक्षा कितीतरी वाढवून सोडतो. म्हणजे म्हशीच्या दाव्याला हत्ती बांधला. बासचे स्पीकर धूर सोडून गेले. थोरला म्हणाला, "आई, माल हलका निघाला." माल चांगला होता. हलकं दुसरंच काही होतं, मानेच्या वर.

लेखनिक म्हणाली, "हे शेवटचं गाळू का?" मी म्हटलं, "ठळक कर."

कलम चार, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. क्रॉसओव्हर आणि लिमिटर ज्या रॅकमध्ये आहेत त्याला जाळीचं दार आहे आणि त्याची किल्ली माझ्या गळ्यात आहे. थोरला टेम्पोत मित्राला सांगत होता, "आई गेली की तो रॅक भंगारात. सगळं मोबाइलवर घेतो." मी मागेच बसले होते. म्हणून ठरवते की रॅक आणि खालचं दुकान सुनेचं, आणि किल्ली तिच्या एकटीच्या गळ्यात.

कारण सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीला सुनेने भुलवलं. क्रॉसओव्हर आवाजाची वाटणी करतो. जाड आवाज मोठ्या पेट्यांना, मधला मधल्यांना, बारीक वरच्या भोंग्याला, म्हणजे हॉर्नला. आमचे हे होते तेव्हा आम्ही दोघांनी कानाने जागा ठरवून प्रत्येक नॉबपाशी नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. लाल क्रॉसओव्हरला, गुलाबी लिमिटरला. एक गिऱ्हाईक हसलं, "हे काय, ब्यूटी पार्लर?" थोरल्याला लाज वाटली. तेव्हा रॅकला कुलूप नव्हतं. त्याने थिनरने सगळे ठिपके पुसले आणि त्याच फडक्याने टेम्पोची काच पुसली.

मी रॅककडे पाठ करून खुर्ची टाकली आणि म्हटलं, "आता नवरा-बायको दोघांनी एकेकदा हॉर्नचा नॉब लावून दाखवा." थोरल्याने नॉब खाली खाली नेला. "बघ आई, किती भरदार." होणारच भरदार. हॉर्नच्या नाजूक पडद्यावर मधल्या पेटीचं ओझं टाकलं की तो थोडा वेळ मोठ्या माणसासारखा बोलतो, मग फाटतो. सुनेने आधी आवाज उतरवला, हॉर्नच्या तोंडाशी तळहात धरला, नॉब हळूच खाली नेला आणि थांबली.

"आई, इथून हा दमतोय."

तिथून तिने नॉब चांगला वर घेतला आणि उतारही तीव्र ठेवला, जाड आवाज हॉर्नकडे घरंगळू नये म्हणून. मी उठून बोटाने चाचपलं. ठिपका पुसला तरी बोटाला जागा पाठ आहे. नॉब जुन्या ठिपक्याच्या जागी होता. थोरला म्हणाला, "नशिबाने लागलं." मग लिमिटरही तिलाच लावायला दिले. एक लिमिटर झटका अडवतो, दुसरा ताप, कॉइल हळूहळू तापते तो. थोरल्याला दुसरा आहे हेच माहीत नव्हतं, इतकी वर्षं त्याला तो शोभेचा वाटत होता. सुनेने स्वतःच्या नेलपॉलिशने नवे ठिपके लावले. रंग जांभळा आहे. मला आवडत नाही, पण जागा बरोबर आहे.

कलम पाच. थोरल्याने कुलूप तोडलं, दुसरी किल्ली करवली किंवा थिनरची बाटली घेऊन रॅकच्या आसपास दिसला, तर टेम्पोही सुनेचा. मग त्याने तो तिच्या हाताखाली चालवावा.

साक्षीदार पहिला: समोरच्या हॉलचा रखवालदार. साक्षीदार दुसरा: कॉइल गुंडाळून देणारा कारागीर. थोरल्याच्या चुकांवर याचं घर उभं राहिलं, तरी खरं बोलतो. दोघांनी सह्या केल्या. माझा डाव्या हाताचा अंगठा. मी नेलपॉलिशमध्ये बुडवते म्हटलं, लेखनिक म्हणाली शाईच लागते. स्थळ: दुकानाची मागची खोली. दिनांक: लेखनिकेने शिक्क्याने घातला आहे, थोरला टेम्पो धुवायला गेला होता तो दिवस.

अंगठा उमटवल्यावर आठवलं तेही लिही. एकदाच मी कार्यक्रम चालू असताना, रॅकचं दार उघडं ठेवून, जेवायला उठले होते. परत येते तो लिमिटर बंद, हॉर्न मुके, आणि थोरला म्हणतो, "पब्लिकने मागितलं." म्हणून रॅकपाशी बसणाऱ्याने जेवायला उठू नये. मी गेल्यावर माझ्या नावाने वेगळं काही शिजवू नका. कार्यक्रमाच्या दिवशी सुनेला तिथेच ताट पाठवा, आणि ते थोरल्याने स्वतः न्यावं. गरम भात, वर उकडलेलं अंडं कुस्करून, चमच्याने खाता येईल असं, कारण तिचा एक हात नॉबवर असतो. सोबत केळं. तेही सोलून.