पायातला पट्टा आणि मी

सोमवार, ३ जून
उद्यापासून महिनाभर स्वतःच्याच घरात कैद! हौसेनं. तुरुंगाऐवजी घरीच शिक्षा द्यावी, हा माझा जन्माचा विषय. पायाला पट्टा, दाराबाहेर पाऊल टाकलं की ऑफिसात अलार्म. स्वतः भोगल्याशिवाय पुस्तकाला वजन येणार नाही. मुख्य सिद्धान्त तयार आहे: माणसाला कायदा नाही, घरची माणसं सुधारतात. ही सध्या मुलीकडे गेली आहे. चार दिवसांसाठीच. शिवणयंत्रही घेऊन गेली. तिला रिकामं बसवत नाही.

मंगळवार
पट्टा बसला. देखरेख अधिकारी बाई तरुण, पण चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. घरी आणखी कोण, असं विचारलं. पत्नी, म्हटलं. बाहेर गेलीय, म्हटलं. खोटं काहीच नाही.
पहाटे पाचला उठून लेखन, मग व्यायाम. उद्यापासून.

बुधवार
नऊला उठलो. पट्टा जड आहे.
बाईंचा फोन: आहात ना? मी आहे म्हटलं आणि पहिलं प्रकरण थोडक्यात सांगायला घेतलं. लाइन कट झाली. नेटवर्कचा काही भरवसा नाही.

शनिवार
लेखन: शीर्षक बदललं.
हिला फोन केला. महिनाभर घराबाहेर पडणार नाही, हे अभिमानानं सांगितलं. ती म्हणाली, एरवी तरी कुठे पडत होता? खोलीचं दार लावून बसायचात, जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. म्हणजे पूर्वतयारी होतीच! प्रस्तावनेत घ्यावं. कधी येतेस, विचारलं. नातीला सांभाळायला माणूस लागतं म्हणे. नात एकोणीस वर्षांची आहे.

मंगळवार, ११ जून
दोन दिवस बाईंचा फोन नाही. यंत्रणा ढिली पडली की काय? संशोधक म्हणून खात्री करणं भाग होतं. दाराबाहेर एक पाऊल टाकलं. लगेच फोन! बाई चांगल्याच रागावल्या. बरं वाटलं. यंत्रणा चोख आहे म्हणून.

बुधवार
प्रयोग पुन्हा केला. जेवणाआधी आणि जेवणानंतरही. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढणं अशास्त्रीय.
बाई म्हणाल्या, सर, माझ्याकडे खरे कैदीही आहेत हो.

शुक्रवार
बाई स्वतः घरी आल्या! मी चहा टाकला. त्यांनी घरच्या माणसाशी बोलायचं आहे, असं सांगितलं. ती बाहेर गेलीय, म्हटलं. त्यांनी मोरीतली एकुलती एक ताटली पाहिली, खुंटीवरचा एकुलता एक टॉवेल पाहिला आणि खाली बसून पट्टा सोडायला लागल्या. घरी दुसरं कुणी नसेल तर ही सवलत देता येत नाही, असा नियम आहे म्हणे. हा नियम कुठल्या शहाण्यानं केला, म्हणून मी कडाडलो. बाई म्हणाल्या, तुमच्याच समितीनं, सर. तुम्हीच अध्यक्ष होता.
मग अशा माणसाचं काय करता, विचारलं. तुरुंगात पाठवतो, म्हणाल्या. चहा न घेताच गेल्या. दोन्ही कप मीच प्यायलो.

शनिवार
पाय हलका झालाय. कुठेही जाता येईल. कुठे जावं ते सुचत नाही. घर खायला उठतं, हे आज लिहूनच टाकतो.
संध्याकाळी हिला फोन केला. सुटलो, म्हटलं.
ती म्हणाली, मीही.