डिशचं तोंड कुणीकडे

२२ एप्रिल १९९५, शनिवार. देवपूर, धुळे.

डिश आली. गच्चीवर चढवताना सगळे घामाघूम. गल्लीत पहिली छत्री माझी. लोकांना सांगितलं, बातम्यांसाठी घेतली. खरं कारण इथे लिहायला हरकत नाही: प्रमिला. एकुलती लेक, जळगावला दिली. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली ती एक रात्र राहून पळाली. तिच्या सासरी केबल, इथे दूरदर्शनशिवाय काय? पोर कंटाळणारच. यंदा पाऊस पडेपर्यंत जायचं नाव काढणार नाही. बायकोला, मंदाला, हे नीट समजावलं. ती म्हणते, पोरगी टीव्हीसाठी पळाली नव्हती. बायकांना टेक्निकल बाजू कळत नाही.

२३ एप्रिल, रविवार

नथ्थू फिटर जोडणी करून गेला. चित्र आलं. पण डिशचं तोंड थेट समोरच्याच्या घराकडे. समोरचा म्हणजे माझा थोरला भाऊ धनसिंग. नाव एकदाच लिहिलं, यापुढे 'समोरचा'. दोन वर्षांपूर्वी आखाजीला पितरांच्या पूजेची, वडिलांच्या नावाची घागर त्याने मला न बोलावता भरली. निरोप पाठवला होता म्हणे. मला मिळाला नाही. त्याच दिवशी शपथ घेतली, त्या घराकडे तोंड करणार नाही. आणि आता माझ्याच गच्चीवरून माझीच डिश आ वासून त्याच्याकडे बघत बसणार? गल्ली काय म्हणेल?

नथ्थूचं म्हणणं, उपग्रह आग्नेयेलाच आहे, इलाज नाही. मी पाटबंधारे खात्यात हयातभर मोजणी केलेला माणूस, मला कोन शिकवतो. तो गेल्यावर डिश पश्चिमेला फिरवली. आकाश सगळीकडे सारखंच असतं.

२४ एप्रिल

मुंग्या. पडदाभर नुसत्या मुंग्या. आवाज कढईत भजी सोडल्यासारखा. दोष रिसीव्हरात आहे.

२५ एप्रिल

दोष रिसीव्हरात नाही, वायरच्या जोडात आहे. सगळे जोड नवे केले. मुंग्या वाढल्या.

२६ एप्रिल, दुपार

दोष उन्हाचा. पत्रा तापला की सिग्नल टिकत नाही, साधी गोष्ट आहे. डिशवर बादल्या ओतल्या. पलीकडे मंदाच्या ज्वारीच्या बिबड्या, पापडच ते, वाळत घातल्या होत्या, त्यांचा लगदा झाला. मंदाने ताट पुढे सरकवलं आणि निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

२७ एप्रिल

निश्चय: रोज एक नवी दिशा, शांत डोक्याने. आज उत्तर. मुंग्या. संध्याकाळी रिसीव्हरला थापड मारली. शेजारच्या तानुबाई त्यांच्या गच्चीवरून म्हणाल्या, आप्पा, रविवारी तर दिसत होतं ना? ऐकू आलं नाही असं दाखवून खाली आलो.

२८ एप्रिल

प्रमिलाचा एसटीडी बूथवर फोन आला होता. परवा येते आहे. बूथवाल्याला विचारलं, डिशबद्दल काही म्हणाली का. नाही म्हणे. एवढंच विचारलं, काकांच्या कडुनिंबाला आखाजीचा झोका बांधला का. लाजते पोर, सरळ कशी विचारेल.

२९ एप्रिल

ती उद्या दारात उभी राहणार आणि मी तिला मुंग्या दाखवणार. मारुतीला नारळ कबूल केला. डिशला हळदकुंकू वाहिलं. (मंदाने वाहिलं, मी फक्त निरांजन धरलं.) पूर्व, पश्चिम, उत्तर, वायव्य, सगळं झालं. नथ्थूला निरोप धाडला, तो म्हणे, आधी तोंड होतं तिकडे करा, मग येतो. दुनिया एका बाजूला आणि मी एका बाजूला.

३० एप्रिल

प्रमिला आली. वाळली आहे. आल्या आल्या टीव्हीसमोर बसवली. मुंग्या बघून हसली. वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. म्हणाली, आप्पा, राहू द्या ना, बसा, बोलू. मी म्हटलं, आधी चित्र, मग बोलणं. गच्चीवर गेलो. खाली आलो तर ती घरात नाही. मंदा म्हणाली, काकांकडे झोक्यावर गेली, मीच जा म्हटलं. चित्र नाही म्हणून कंटाळली पोर, दुसरं काय.

१ मे, दुपार

कठोर निर्णय. भर उन्हात, गच्च्यांवर चिटपाखरू नसताना, डिश आग्नेयेला वळवली. डिश वळली, मी वळलो नाही. पाठ करून, मागे हात घालून फिरवली. चित्र आलं.

संध्याकाळ

चित्र येतं आणि जातं, ठरावीक तालात. गच्चीवर जाऊन तिकडे बघावं लागलं. तपासणीसाठी बघितलं, शपथेत हे धरत नाहीत. समोरच्याच्या कडुनिंबाची फांदी गल्लीवर आली आहे, डिशच्या अगदी आड. फांदीला झोका. झोक्यावर प्रमिला. ती वर गेली की फांदी हलते, चित्र फाटतं. खाली आली की जुळतं. सापडला एकदाचा दोष. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा बरं वाटलं.

दिवेलागणीला झोक्यावर जमलेल्या बायका पांगल्या. समोरचा अंगणात खाटेवर एकटाच होता. मी त्याच्याशी बोललो नाही. आभाळाकडे बघून म्हणालो, ही फांदी आड येते, कुणीतरी तोडली पाहिजे.

त्याने वर बघितलं. "तोत्या, तुले चित्र दिसत नही का?"

दोन वर्षांनी ऐकला तो आवाज, आणि माझं लहानपणीचं नाव. माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रमिलासाठी घेतली आहे."

त्याने उठून झोक्याची दोरी चाचपली. मग म्हणाला, "तोडी टाकसू."

२ मे, आखाजी

सकाळीच कुऱ्हाडीचे घाव. भाऊ स्वतः झाडावर चढला होता, या वयात. फांदी पडली आणि चित्र असं आलं की माणसांच्या कपाळावरचा घाम दिसावा. प्रमिलाला हाक मारली. आली, पण बघत होती खिडकीतून. गल्लीतल्या माहेरवाशिणी नव्या साड्या नेसून कडुनिंबाखाली आल्या, वर बघितलं आणि एकेक करून घरी गेल्या. मी म्हटलं, बस ना, सगळी चॅनलं लागतात.

ती म्हणाली, "काकांनी मला विचारलं होतं, आप्पा, तोडू का म्हणून. मी हो म्हटलं. तुमचा जीव अडकला होता ना त्यात."

पुरणपोळी होती, आमरस होता. कुणी फारसं जेवलं नाही. उकाडा फार आहे.

३ मे

प्रमिला सकाळच्या गाडीने गेली. राहा म्हणून हात धरला. पुढच्या आखाजीला बघू, म्हणाली. सासरी कामं असतील. एसटी वळेपर्यंत उभा होतो. भाऊही आला होता, पलीकडे खांबाशी उभा. मी तिकडे गेलो नाही. जायला हवं होतं.

४ मे

चित्र पुन्हा बिघडलं. मुंग्या नाहीत, पण सगळं धूसर, माणसं पाण्यात उभी असल्यासारखी. फांदी नाही, वारा नाही, जोड पक्के, व्होल्टेज ठीक. बटणं फिरवून थकलो. शेवटी मंदाला बोलावलं. ती म्हणाली, मला तर स्वच्छ दिसतंय. मी म्हटलं, नीट बघ. तिने टीव्हीकडे बघितलंच नाही. माझा चष्मा काढून पदराने पुसला आणि मग माझे डोळे पुसले. म्हणजे रिसीव्हरात दोष नाही, एवढं तरी नक्की झालं.