रविवारची हजेरी

भद्रावती,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रिना,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहोत. तुझ्या भाऊजींचा गुडघा कुरकुरतो, तरी ड्युटी चुकवत नाहीत. यंदा तुरीची डाळ घरीच भरडली, दोन किलो तुझी काढून ठेवली आहे. फोन तू उचलत नाहीस. भाऊजी उद्या चंद्रपूरला येत आहेत, म्हणून हे पत्र त्यांच्या हाती.

मंगळवारी मुक्कामाला येतेस असा निरोप मिळाला. आनंद झाला असं लिहायला पाहिजे. पण चार वर्षांत तू इथं एक रात्र काढली नाहीस, मग आत्ताच काऊन?

बायनाबाईचं कळलंच असेल. आमच्या गल्लीतली, तुमच्या कारखान्यात, तू सुपरवायझर आहेस त्याच लाइनीत कॉलर शिवते. मशीनची सुई तिच्या बोटातून आरपार गेली, तुकडा आत राहिला. सुईपुढची जाळी तुम्हीच काढून ठेवली होती म्हणे, काम हळू होते म्हणून. आता बोटाचा शेंडा कापावा लागेल असं डॉक्टर म्हणतात. तिनं दवाखान्याचा खर्च मागितला तर साहेब म्हणाले, "त्या दिवशी रविवार होता, सुट्टी होती. घरच्या मशीनवर लागलं असन."

तिच्या घरी मशीनच नाही, रिना.

"हजेरीचं रजिस्टर दाखवलं मले," ती मला सांगत होती. "अक्षर लय साजरं हाये. आपल्या बचत गटाच्या वहीसारखं." ती वही मीच लिहिते, हे तिला ठाऊक. एवढं बोलून माझ्याकडे पाहत राहिली. सहज बोलली की मला टोचलं, ते कळेना. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले.

तिला लागल्यावर आठवड्याभरात तू रजिस्टर घेऊन आलीस तेव्हा म्हणालीस, "ताई, पाणी सांडलं यावर. तुह्यं अक्षर मोत्यासारखं, नवीन उतरवून दे. फक्त रविवारी सगळ्यांची सुट्टी मांड, अन् सुटायची वेळ पाच." मी विचारलं, "मग खरी वेळ?" तू हसलीस. "तू मॅट्रिक झाली न, का वकील?" मीही हसले. तीन दुपारी बसून उतरवलं. पान कुठं ओलं नव्हतं, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

१९ जानेवारीपुढे मी लाल शाईनं सुट्टी लिहिली. त्याच रविवारी विहारातून येताना कारखान्याच्या फाटकापुढे बायनाबाईला ऑटोत बसवताना मी पाहिलं होतं, हाताला फडकं, फडकं भिजलेलं. हे दोन्ही मला माहीत होतं. आज वंदनेत खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी माझा आवाज निघाला नाही. शेजारच्या बाईंना वाटलं, घसा बसला.

जुनं रजिस्टर चुलीत घाल म्हणालीस. मी घातलं नाही. मागची बावीस पानं कोरी होती, किराणा लिहायला झाली असती. तू मंगळवारी तेच शोधायला येत असशील, तर ते आता घरात नाही. दुपारी बायनाबाईला नेऊन दिलं. त्यात त्या दिवशी तिची हजेरी आहे, आठ ते सात. नवं माझ्या अक्षरातलं आहे, तेही सांगितलं.

ती म्हणाली, "मले माहीत होतं, नूतनबाई. तुमी कधी सांगता, तेच पाहून राह्यली होती."

तुमचे शर्ट घेणाऱ्या परदेशी कंपनीच्या मॅडम बुधवारी तपासायला येणार आहेत. बायकांकडून तुम्ही उत्तरं पाठ करून घेता, हेही मला कळलं. मी बायनाबाईसोबत येणार आहे. अक्षर माझं, असं सांगेन. कोणी लिहायला लावलं असं त्यांनी विचारलं, तर मी गप्प बसणार नाही.

तुझी नोकरी जाईल, पोराची फी आहे, सगळं मला ठाऊक आहे. म्हणून तीन दिवस आधी लिहिते. माझ्या तोंडून तुझं नाव निघायच्या आत तू स्वतः बोल.

मंगळवारी तरीही ये. भात तुझ्या वाट्याचाही टाकते.

बुधवारपर्यंत आणि पुढेही,
तुझी ताई
नूतन