रिळांची फळी

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चि. ठमूस,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. तू सुखरूप पोचल्याचा फोन आला आणि जीव भांड्यात पडला. तेव्हा मी "बरं बरं, ठेवते" म्हणून घाईघाईत आटोपतं घेतलं, त्याचा राग धरू नकोस. फोनवर मला खोटं फार चटकन बोलता येतं. कागदावर वेळ लागतो, म्हणून कागद घेतला.

अक्षर बघून हसू नकोस. मोठं आहे खरं, आणि प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून लिहिते आहे. शिवणाऱ्या बाईच्या हाताशी पट्टी असायचीच.

इकडे सगळं नेहमीसारखं. सकाळचं ऊन मशीनवर आलं की दिवसभराच्या सुयांत तारेच्या ओवणीनं दोरे ओवून टाचण्यांच्या गादीला टोचून ठेवते. शाळेची घंटा झाली की पुढच्या खोलीचं दार उघडते. दुपारच्या घंटेला जेवण, शाळा सुटल्यावर चहा, दिवे लागायच्या आत दार बंद. समोरचा न्हावी परवा गिऱ्हाईकाला सांगत होता, "माझं घड्याळ मागे पडलं की मी मावशीच्या दारावरून लावतो." तू मला हवालदार म्हणालीस ते त्याला सांगितलं. तेव्हापासून मेला रोज सकाळी सलाम ठोकतो.

तू चार दिवस राहिलीस आणि घर हसतं झालं. मी तुझ्यावर किती खेकसले! कात्री इथेच ठेव, मीठ तिथेच ठेव, खुर्ची आत सरकव. शेवटी तू हात टेकलेस आणि म्हणालीस, "मावशी, तू पूर्वी अशी नव्हतीस गं." खरंच नव्हते. तू माझ्याकडे वाढलीस तेव्हा रिळं टोपलीत असायची, सगळ्यांचा गुंता, आणि तो सोडवायचं काम तुझं. टाचण्या तर तुझ्या पायातूनच जास्त निघायच्या. त्या घरात फळीवर खिळे ठोकून एकेक रीळ अडकवणारी बाई कुठून आली, असं तुला वाटलं असणार. विचारलंसही. मी म्हटलं, वय झालं. आणि विषय बदलला.

तर आता त्या फळीबद्दल.

जायच्या दिवशी मी अस्तर आणायला बाहेर पडले आणि तू मागे माझ्यासाठी म्हणून सगळी रिळं नव्यानं लावलीस. फिक्यापासून गडदापर्यंत, ओळीनं. मशीनही खिडकीशी सरकवलंस. मी आल्यावर तू दाराशी हात बांधून उभी होतीस, मी काय म्हणते ते ऐकायला. मी म्हटलं, "छान दिसतंय हो." तुझा चेहरा किती खुलला असेल!

मशीन न्हाव्यानं परत जागेवर ठेवून दिलं. तोवर माझ्या नडगीला दोनदा प्रसाद मिळाला होता. रिळांचं मात्र मी कुणाला बोलले नाही. वाटलं, हात शिकेल नवीन जागा. मग आपल्या वकीलबाईंचा काळा कोट दुरुस्तीला आला. बाह्यांच्या कडा उसवल्या होत्या. खालच्या रांगेतला पहिला खिळा काळ्याचा, तिथे हात गेला, रीळ काढलं, शिवून दिलं. हाताला सवय, त्याला काय ठाऊक की खिळ्यावरचा मालक बदललाय.

काल संध्याकाळी वकीलबाई कोर्टातून थेट इकडे आल्या. बाही माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "मावशी, ही कुठली नवी फॅशन?"

मी कडेवरून बोट फिरवलं. टाका एकसारखा, कुठे गाठ नाही. मी तोऱ्यात म्हटलं, "फॅशन कसली? काळ्यावर काळा. शोधून दाखवा टाका."

त्यांनी माझं बोट धरून पुन्हा त्या कडेवर ठेवलं.

"मावशी, हा मरून दोरा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "रस्त्यावरून दिसतोय."

मग स्टूल ओढून बसल्या आणि माझी उलटतपासणीच सुरू केली. कधीपासून? डॉक्टर काय म्हणाले? मी म्हटलं, काही नाही हो, चष्म्याचा नंबर बदललाय. तर म्हणतात, "खोटं नका सांगू. मी दिवसभर तेच ऐकते." मग विचारलं, "भाचीला सांगितलंत?" मी म्हटलं, सांगणार आहे. "कधी?" त्याचं उत्तर म्हणजे आज हे पत्र.

ठमे, माझ्या डोळ्यांतलं मधलं गेलंय. कडेचं आहे. दोन वर्षं झाली. ऑपरेशननं परत येण्यातलं नाही, औषध आहे ते उरलंय तेवढं टिकवायला. डॉक्टर म्हणतात, पूर्ण अंधार होणार नाही. भडक रंग अजून कळतात. गडद सगळे एकाच घरचे वाटतात. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच गाडी घेऊन आली असतीस, मला उचलून नेलं असतंस आणि मी नाहीही म्हणू शकले नसते. मला भीती वाटत होती गं. डोळ्यांची कमी, तुझ्या प्रेमाची जास्त.

जिन्यावरून उतरताना कठडा धरतो ना आपण, तशी मी दिवस धरून चालते. घंटा झाली की काय करायचं ते ठरलेलं, हात लांब केला की काय लागेल ते ठरलेलं. लोकांना ती शिस्त दिसते. मला त्यात इतकं बरं वाटतं म्हणून सांगू! या खोलीत मी अजूनही सगळं बघते. तुझ्या नव्या घरात, कितीही प्रेमानं ठेवलंस तरी, पहिल्या दिवसापासून मी आंधळी असेन. म्हणून तू इतकं बोलावतेस तरी तुझ्याकडे राहायला येत नाही. त्यात तुझ्यावरचा राग नाही, हे आधी नीट वाच, मग पुढे जा.

रागाचंच राहिलं. रिक्षात बसताना तू म्हणालीस, "चार दिवसांत एकदाही माझ्याकडे धड बघितलं नाहीस, मावशी. माझं काही चुकलं का?" मी "वेडी की काय" म्हणून टाळलं. तू गेल्यावर दाराशी बसून खूप रडले. बाई, तुझ्याकडे सरळ पाहिलं की तू नाहीशी होतेस. तुझ्या कानाच्या जरा पलीकडे बघावं लागतं, तेव्हा कुठे तुझं हसणं दिसतं, गालावरची खळी दिसते. चार दिवस मी तेच बघत होते. पोटभर.

आता ऐक. कोट उसवून पुन्हा शिवायचा आहे, वकीलबाई थांबायला तयार आहेत. या रविवारी ये. तू रीळ हातात घेऊन रंग सांगायचा, मी खिळा सांगेन. मध्ये स्वतःचं डोकं चालवायचं नाही. आणि तुझ्या घराची ती किल्ली, जी तू मला देऊन जात होतीस आणि मी तुझ्या पर्समध्ये परत कोंबली, ती आठवणीनं आण. तिच्यासाठी काळ्याच्या शेजारचा खिळा रिकामा केलाय. उद्या लागो, दहा वर्षांनी लागो, हात बरोबर तिथे जाईल.

वाट बघते आहे,

तुझी,
तुझ्या कानापलीकडे बघणारी
मावशी