जोहोरच्या स्टेशनवर संशय

मंगळवार, सेम्बावांग, सिंगापूर

आज पुन्हा तेच! बाबा पुण्याहून येताना आपला जुना रेडिओ घेऊन आले. त्यावर मराठी लागावं म्हणून मी फोनला छोटासा एफएम ट्रान्समीटर जोडून दिला. त्याचा जीव तो केवढा, आणि पाण्यापलीकडे मलेशियातल्या जोहोरचं दणदणीत स्टेशन. मी ऑफिसातून आलो की नेमकं मराठी बुडतं आणि मलय गाणं घुसतं. बाबा हाक मारतात, "अरे, बघ रे जरा!" मग शेजारी बसून मी लाल काटा केसभर सरकवतो.

पण माझी बायको नीता घरूनच काम करते, ती म्हणते, "दिवसभर तर छान चालू होतं." मग मी आल्यावरच का? आधी जोहोरवर संशय, मग वरच्या मजल्यावरच्यांवर, शेवटी लिफ्टवरही. इंजिनिअर ना मी!

आज मुद्दाम बाहेरच थांबलो, किल्ली नुसती वाजवली आणि जाळीच्या दारातून पाहिलं. बाबांनी स्वतःच तो लाल काटा हळूच जोहोरवर नेला. मी आत पाऊल टाकताच, "अरे, बघ रे जरा!"

बसलो शेजारी. मराठी शोधायला आज मीही बराच वेळ लावला.